अंगठा झिजलेल्यांनी जायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ७१ वर्षांची आहे. सोलापुरात तिने पस्तीस वर्षं विड्या वळल्या. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतून तिला महिन्याला १००० रुपये पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन म्हणून ठरलेली हीच ती रक्कम. यंदा जानेवारीपासून तीही खात्यात जमा होईना. चौकशी केली तर कळलं, हयातीचा, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचा दरवर्षी द्यायचा दाखला पोचलेला नाही. दाखला द्यायला आम्ही गेलो नव्हतो असं नाही. तीनदा गेलो होतो. आईचा अंगठा ठसा घेणाऱ्या मशीनला लागत नव्हता.

पहिल्या खेपेला मशीनवरच्या मुलाने खूप प्रयत्न केले, ते मान्य करते. "जोरात दाबा आज्जी." मग, "आता हलकं ठेवा." ओल्या फडक्याने अंगठा पुसला, केसांवर घासायला लावला, नंतर एकेक करत दहाही बोटं झाली. प्रत्येक वेळी पुन्हा तोच लाल दिवा. मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी म्हणालं, आज्जींना जरा बाजूला बसवा, तोवर आमचं होऊ द्या. आई काही न बोलता उठली आणि भिंतीकडेला बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला सांगितलं, आधार अपडेट करून आणा. आधार केंद्रावर नवे ठसे घ्यायला गेलो, तर तिथल्या मशीनवरही ते नीट उमटेनात. तिसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. दर खेपेला रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये. महिन्याच्या पेन्शनमधले निम्म्याच्या आसपास पैसे पेन्शनसाठी हेलपाटे घालण्यातच गेले.

घरी आल्यावर आईने हात पुढे केला. "बघ, रेघाच न्हाईत आता. घासून गेल्या सगळ्या."

ज्यांच्या घरात विडीचं काम झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेलं पान कात्रीने मापात कापायचं, त्यात चिमूट तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठे आणि पहिल्या बोटांच्या चिमटीत पान गुंडाळत न्यायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. झाली एक विडी. अशा हजार विड्या भरल्या की एका दिवसाची मजुरी. पानाच्या शिरा खरबरीत असतात आणि प्रत्येक विडीला अंगठा त्यांच्यावरून फिरतो. पस्तीस वर्षांत किती वेळा फिरला असेल, याचा हिशोब करायला बसले आणि मध्येच सोडून दिला. ठसा ओळखणारं मशीन त्वचेवरची रेषा कुठे संपते आणि कुठे फाटा फोडते, ते बिंदू शोधतं. आईच्या अंगठ्यावर असे बिंदू फारसे उरलेलेच नाहीत. त्यात म्हातारपणी कातडी कोरडी आणि सैल पडते. मशीन बिघडलेलं नव्हतं आणि आईचंही काही चुकलं नव्हतं. जे काम करून तिने ही पेन्शन मिळवली, त्याच कामाने तिचा अंगठा खाल्ला.

खरी चीड आली ती पुढे. एप्रिलमध्ये शेजारच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा सहज म्हणाला, "मावशी, चेहऱ्यानं होतं की आता." त्याने स्वतःच्या मोबाइलवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन अ‍ॅप घेतली आणि आईला दाराजवळ उजेडात बसवलं. डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या, डोळ्यांची उघडझाप करा, एवढंच सांगितलं. पहिल्यांदा नाही झालं, दुसऱ्यांदा झालं. दहा मिनिटांत दाखला गेला. आई बराच वेळ त्या मोबाइलकडे बघत बसली होती. पुढे अडकलेले महिनेही एकदम जमा झाले.

ही सोय काही आजची नव्हे. डिजिटल हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि २०२२ पासून ती ईपीएफओच्या, म्हणजे ही पेन्शन देणाऱ्या भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पेन्शनरांनाही खुली आहे. डोळ्याच्या बुबुळावरूनही दाखला निघतो. पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. शिवाय ईपीएस-९५च्या पेन्शनरांना सरकारी पेन्शनरांसारखं नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरजच नाही, दाखला वर्षात कधीही द्या, तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. यातलं एकही वाक्य तीन खेपांमध्ये आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या मशीनवरच्या मुलावर माझा राग नाही. त्यालाही हे कोणी शिकवलं नसणार. भिंतीवर सूचना मात्र भरपूर होत्या : शांतता राखा, मूळ आधार आणा, मोबाइल लिंक करा. अंगठा लागला नाही तर काय करायचं, याची एक ओळ नव्हती.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय नोंदीत आहे. आई तीनदा गेली, तीस-चाळीस वेळा बोट ठेवलं, पण तिच्या हातात त्याचा कागदाचा एक कपटा नाही. पेन्शनच्या नोंदीत मात्र एवढंच दिसतं की दाखला दिला नाही. मशीनला ठसा वाचता आला नाही, याची जबाबदारी बाईच्या नावावर चढली. ती तिथे गेली होती, हे सिद्ध करायला तिच्याकडे काहीच नाही.

नियम माणसाच्या बाजूचे आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. आधार प्राधिकरणानेच २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ठसा जुळला नाही म्हणून रेशन किंवा इतर लाभ नाकारू नये, दुसरी पद्धत वापरावी, अपवादाची नोंद ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, ओळख पटली नाही म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवणार नाही, हे सरकारने दिलेलं आश्वासन नोंदलेलं आहे. त्याच निकालात सरकारी नोकराच्या पेन्शनचं उदाहरण देऊन सांगितलं आहे की कमावलेली पेन्शन हा माणसाचा हक्क आहे, ती अनुदानाच्या पंगतीत बसवता येणार नाही. विडी वळणाऱ्या बाईनेही पेन्शन कमावलेलीच असते. तिच्या मजुरीतून दर महिन्याला फंड कापला जात होता.

आधारची सुरुवात २०१० मध्ये आपल्याच राज्यात झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. तेव्हा ज्यांना पहिले आधार क्रमांक मिळाले, ती कष्टकरी माणसंच होती. त्यांचे हात झिजणार हे कोणाला सांगायला हवं होतं का? बांधकामावर सिमेंट कालवणारे, ऊसतोडीचे मजूर, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका, कोकणात काजू सोलणाऱ्या, ज्यांची बोटं टरफलातल्या तेलाने भाजतात, या सगळ्यांचं हेच होतं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर महिन्याच्या महिन्याला हाच प्रकार चालतो. माणशी ५ किलो धान्य, त्यासाठी आमच्या गल्लीतल्या एक आजी दोन-दोन वेळा परत येतात, कारण सून कामावर असते आणि ओटीपी येणारा मोबाइल तिच्यासोबत गेलेला असतो.

मशीन काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. चेहऱ्याने काम झालं तेही मशीननेच. मागणी दोनच गोष्टींची आहे. जिथे जिथे अंगठ्याचं मशीन आहे, तिथे ते ठेवलेल्या टेबलासमोर ठळक मराठीत पाटी हवी : अंगठा लागला नाही तर या या पद्धतीने काम होईल. आणि तीन वेळा ठसा नाकारला गेला की तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली पावती त्या माणसाच्या हातात दिलीच पाहिजे, आणि पुढचं काम पूर्ण करून घेण्याची जबाबदारी तिथून कार्यालयाची असली पाहिजे. पावती असेल तर पेन्शन थांबवता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढावा. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, एक पावतीपुस्तक लागतं.

आईसोबत एकाच कारखान्यात विड्या देणाऱ्या दोघीजणी आमच्याच वस्तीत राहतात. दोघींची पेन्शन याच कारणाने थांबलेली आहे, एकीची तर वर्ष होऊन गेलं. तिने आता मिळणारच नाही असं धरून चालवलं होतं. ती दोन्ही अ‍ॅप आता माझ्याही मोबाइलवर आहेत. शनिवारी सकाळी, ऊन दारात असतं तेव्हा, दोघींना घरी बोलावलं आहे.

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी, सोलापूर