तनूनं कराड घेतलंय

कोपरखैरणे, श्रावण

ती. आई आणि ती. आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलास का" विचारते, म्हणून लिहायला बसलोय. आबा, आईकडून वाचून घ्या, पण चष्मा लावून स्वतःही एकदा वाचा. आई मधलं मधलं गाळते.

तनूचं ठरलं. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, सिव्हिल. ठरलं म्हणजे फीसुद्धा भरून झाली. प्रवेशाच्या फॉर्मात तिनं कराड पहिल्या नंबरावर टाकलं होतं, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. त्यामुळे "अजून जरा थांबून बघू" म्हणायची सोय उरलेली नाही. तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण आबांनी दुसऱ्याच दिवशी वरच्या वावराचा इसार घेतला असता. घेतला नाहीत ना? घेतला असेल तर परत करा. बाळूआण्णांबरोबर पाठवलेले पैसेही तुमच्या नावाच्या चेकनं परत देतोय. रागावू नका. त्या पैशाची गरज नाही म्हणून परत करतोय, तुमचा आहे म्हणून नव्हे.

मला माहीत आहे, आबांच्या डोळ्यांसमोर इथलं ते काचेचं खासगी कॉलेज होतं. बांधकाम चालू असताना मार्केटमधून टेम्पोतून येताना तुम्ही मला ते दाखवायचात. पण एकदा हिशेब तर बघा. वर्षाला तीन लाख फी सांगितली, शिवाय डिपॉझिट, बस आणि इतर किरकोळ म्हणून जे काही मागतील ते. चार वर्षांचे बारा लाख तर सरळच झाले. शिक्षणाच्या कर्जाला बँक साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाही, त्यापुढे मागते. आपल्याकडे तारण ठेवण्यासारखं काय आहे? वावर, नाहीतर तुम्ही पाठीवर पोती वाहून उभं केलेलं हे घर. दोन्हींचे कागद बँकेत नेऊन ठेवायला मी तयार नाही. काही गटांतल्या मुलींना सरकार फी माफ करतं, पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं. सुनीताचा पगार धरला की आपण जेमतेम वर जातो, ना इकडचे ना तिकडचे. कराडला मात्र फी आणि होस्टेल धरूनही वर्षाचा खर्च आमच्या दोघांच्या पगारात बसतो. लॅपटॉप हप्त्यावर घेतलाय. झालं.

पण खरं सांगू का, पैसे असते तरी ती तिथे गेली नसती. आम्ही तिघं कॉलेज बघायला गेलो होतो. दाखवणारी मुलगी चांगली होती, सगळीकडे एसी, कॉफीचं मशीन. पण तासभर ती फक्त पॅकेजबद्दल बोलली, कोणाला किती लाखांची नोकरी लागली ते. तनूनं लॅब दाखवा म्हटल्यावर "ती आत्ता बंद आहे" म्हणाली. बाहेर आल्यावर पोर रिक्षात गप्प. मग म्हणाली, "पप्पा, इथे मला रोज कपडे बघून निघावं लागेल." मी म्हटलं, तसं काही नसतं. सुनीता म्हणाली, असतं. तिला कळतं ते.

कराडला गेलो तेव्हा लॅबमधल्या एका मामांनी आम्हाला पाण्याच्या हौदात ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे दाखवले. काही सात दिवस भिजवून फोडतात, काही अठ्ठावीस दिवस, मग किती भार पेलला ते मोजतात. आमच्यासमोर एक फोडलाही. तनूनं त्यांना आपल्या स्वयंपाकघराच्या छताचं विचारलं. गेल्या पावसाळ्यात आईच्या पोळपाटावर पडला, तो तुकडा. ते म्हणाले, आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते, वरून नुसतं प्लास्टर लावून उपयोग नाही. ही वहीत लिहून घेत होती! जेवण राहून गेलं तरी हलायला तयार नाही. मेसपाशी सोलापूरच्या एका मुलीनं गाव विचारलं तर म्हणाली, "पाटण." जन्म वाशीचा, वाढली कोपरखैरण्यात, आणि म्हणे पाटण. आबा, तुम्हाला हसू येईल. तिथे तिला मुंबईवाली म्हणून चिडवणार आहेतच, पण त्याचं तिला काही वाटत नाही.

आणखी एक. ६७ सालच्या डिसेंबरातलं तुम्ही तिला सांगितलं होतंत ना, पणजी महिनाभर घरात पाऊल ठेवत नव्हती ते? तिच्या ते डोक्यात बसलंय. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला कराडजवळ केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि त्यासाठी तुमच्या तालुक्यातच जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, हे तिनं मला ऐकवलं. मी म्हटलं, तीन किलोमीटर? म्हणाली, "हो, आजोबांना सांगा." म्हणून सांगतोय.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. आई, ती होस्टेलवर राहणार आहे, घरी नाही.

आधी नीट ऐक. पाटणहून कराडला एसटीनं तास-सव्वा तास, पावसात किती ते सांगता येत नाही. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात, मग रात्री जर्नल, ड्रॉइंग. सकाळी सहाला तू उठून तिचा डबा करणार, ती येईपर्यंत दाराशी बसणार, आणि औषधाची गोळी राहून जाणार. मी तुला ओळखतो. माझी दहावी होती तेव्हा रात्रभर जागून मला चहा कोण करून देत होतं? तेव्हा तू पस्तिशीची होतीस. तुझ्या हातचं सोडून मेसचं खायचं कोणाला आवडेल? पण तिला तिथल्या मुलींत रुळायला हवं, आणि ते पहिल्या वर्षातच होतं. शनिवार-रविवारी येईल. दर शनिवारी नाही, तेवढं मनाशी धर. गणपतीला आणि दिवाळीला आम्ही सगळेच येतोय.

तिथे तिची आबाळ नाही. खोलीत पंखा आहे, खिडकी झाडाकडे आहे, गरम पाणी सकाळी मिळतं. सुनीतानं सगळं बघून घेतलंय, बाथरूमची कडीसुद्धा.

आबा, तुम्ही मार्केटातून आलात की सदऱ्याला मिरचीचा वास असायचा. मी कुशीत शिरून शिंकायचो आणि तुम्ही हसत मला लांब ढकलायचात. तनूला हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही, तिनं तुम्हाला पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातच बघितलंय. तिच्यासाठी तुम्हाला काही करायचंच असेल तर पैसे नको, तुम्ही या. पंच्याहत्तरीनंतर एसटी तुम्हाला फुकट आहे, आईला अर्धं तिकीट. आधार कार्ड बरोबर ठेवा. पण न कळवता होस्टेलच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. आधी तिला फोन, मग एसटी. आणि आई, पाच किलोचा तुपाचा डबा अजिबात नको, खोलीत तिघी जणी आहेत, ठेवायला जागा नाही. अर्धा किलो चालेल. बरं, एक किलो.

आता तुमचं. आबांचा मोतीबिंदू दिवाळीच्या आत काढायचा. "पिकल्यावर बघू" हे जुनं झालं, आता तो पिकायची वाट बघत नाहीत. तारीख अक्का घेईल, तुम्ही फक्त जायचं. माळ्यावर चढणं बंद. आईनं प्रेशरची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच. आणि रात्री गोठ्याकडे जाताना बॅटरी घ्या, मोबाईलच्या उजेडात काही दिसत नाही.

चेक बँकेत भरलात की पावतीचा फोटो शेजारच्या पोराकडून पाठवा. "भरला" एवढ्यानं मी ऐकणार नाही.

तुमचा,
संजू

ता. क. तनूला होस्टेलला न्यायला आजीची जुनी गोधडी पाहिजे, ती निळ्या काठाची. धुऊन ठेव. नवी शिवायला घेऊ नकोस, डोळे आधीच दुखतात तुझे.