लीगुओच्या रात्रीबद्दल, नंदूला

पुणे, 2 जून

प्रिय नंदू,

23 जूनला लात्वियन मित्राच्या शेतावर लीगुओसाठी, म्हणजे त्यांच्या भर उन्हाळ्यातल्या सणासाठी, जाणार आहेस, आणि "तिथे खरा जुना जादूटोणा बघायला मिळेल का?" असं विचारतोस. मिळेल, पण शेकोटीभोवती शोधू नकोस, आधी गोठ्याच्या दाराकडे बघ. या सणातल्या जुन्या समजुती खणत गेलं की पुन्हा पुन्हा दुधाशीच येऊन थांबतात. त्या रात्री चेटकिणी दुसऱ्याच्या कुरणावरचं दव कापडाने टिपून नेतात आणि त्याबरोबर गाईचं दूधही जातं, असं मानत. म्हणून दारावर रोवन झाडाच्या डहाळ्या, काटेरी झुडपं, खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल. गाईंच्या गळ्यातही हार. शेकोटीचा उजेड जिथवर पोचेल तिथवरचं शेत पिकतं, म्हणून ती उंचावर पेटवायची किंवा डांबराचं पिंप खांबावर चढवून जाळायचं, आणि सूर्योदयापर्यंत विझू द्यायची नाही. सूर्य साडेदहाच्या जरा आधी मावळतो आणि साडेचारला उगवतो, त्यामुळे जागरण फार अवघड नाही. झोपलास तर उन्हाळाभर झोपाळू राहशील असं म्हणतात.

23 तारीख हा वनस्पतींचा दिवस. राजधानी रीगात दोम चौकात सणाआधी त्यांचा बाजार भरतो. पिवळी गॅलियम, डेझी, क्लोव्हर, घंटेची निळी फुलं, नेचे हे सगळं तिथे मिळेल. स्वतः गोळा करणार असशील तर लांब पँट, पायमोजे वर ओढलेले आणि घरी आल्यावर अंग तपासणं. जूनच्या गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यातून मेंदूज्वर होऊ शकतो.

जमिनीवर वेखंडाची पानं पसरतात. हो, आपण बाळाला उगाळून देतो तेच वेखंड. तळ्याकाठी पिवळी आयरिस अगदी तसल्याच पानांची असते आणि ती विषारी. पान चुरगाळ, वेखंडाचा वास आला तरच घे. गंमत म्हणजे युरोपातलं वेखंड आशियातून सोळाव्या शतकात गेलेलं आहे आणि तिथे त्याला बी धरत नाही, ते मुळांवरूनच पसरतं. "हजारो वर्षांची अखंड परंपरा" असं कुणी सांगू लागलं तर हे पान आठव.

पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, बायकांच्या फुलांचा. फुलांचा करताना देठ 25-30 सेंटिमीटर हवेत. खुडल्यावर अर्धा तास सावलीत मलूल होऊ दे, ताजे देठ वळवताना मोडतात. तीन पेडांची वेणी घालत प्रत्येक वळशाला एक फूल घे. ओकची डहाळी कात्रीने काप, ओढून काढलीस तर साल सोलते आणि यजमान चिडतील.

आता या सणाचं खास चीज, यान्यु सिएर्स. हे नेलंस तर तुला मान मिळेल. अर्धा किलो बिएस्पिएन्स (तिथला आंबट दह्याचा दाणेदार चक्का), दीड लिटर पूर्ण सायीचं दूध, 50 ग्रॅम लोणी, एक अंडं, एक चमचा मीठ, एक मोठा चमचा विलायती शहाजिरं. साधं जिरं घालू नकोस, चव पार बदलते. दूध साधं पाश्चराइज्ड घे, महिनोन्‌महिने टिकणारं यूएचटी नीट फुटत नाही. 90 अंशांपर्यंत तापव, बिएस्पिएन्स कुस्करून घाल आणि मंद आचेवर हलवत राहा. दहा-पंधरा मिनिटांत निवळी स्वच्छ हिरवट-पिवळी सुटायला हवी. दुधाळच राहिली तर बिएस्पिएन्सला आंबटपणा कमी आहे, थोडं केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) घाल. खळखळून उकळलंस तर दाणे रबरी होतात आणि पुढे एकजीव होत नाहीत.

फडक्यात गाळ, पण कोरडं पिळू नकोस. चक्क्यापेक्षा जरा घट्ट, इतकंच. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळव, चोथा, मीठ, शहाजिरं घाल आणि आच अगदी कमी केल्यावरच फेटलेलं अंडं. इथेच बहुतेकांचं बिघडतं: आच जास्त झाली की अंड्याची भुर्जी दिसू लागते. गोळा चकाकायला लागला आणि कडा सुटल्या की उतरव. अंडं टाळलंस तरी होतं, फक्त फिकट आणि कापताना जरा मोडकं. ओल्या फडक्यात गाठोडं बांध, वर दोन-तीन किलो वजन, रात्रभर फ्रिजमध्ये. गोल आकार सूर्याचा समजतात, आणि गाठीच्या सुरकुत्यांनी वर किरणं उमटतात. त्या कापून टाकू नकोस.

गाणी येत नसली तरी ध्रुवपद पुरतं: प्रत्येक ओळीनंतर "लीगुओ, लीगुओ". ही गाणी म्हणजे चार चरणांच्या छोट्या दायना, लात्वियन लोकगीतं. लोकगीतांचा संग्राहक क्रिशयानिस बारोन्सने 1894 ते 1915 दरम्यान अशी 2,17,996 गाणी छापली. त्या रात्री पाहुणे यजमानाला टोमणे मारत गातात, बिअर पातळ आहे, चीज खारट आहे वगैरे. रागावू नकोस, उलट गाऊन उत्तर द्यायचं असतं. सोव्हिएत काळात 1959 नंतर हा सण दाबला गेला, तरी घराघरांत ही गाणी चालूच होती.

नेच्याचं फूल शोधायला जोडपी रानात जातात. नेच्याला फूल येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. तू मात्र मागे जाऊ नकोस.

बिएस्पिएन्स 20 तारखेलाच घेऊन ठेव. सणाआधी दुकानांतून ते लवकर संपतं, आणि चीज 22 च्या रात्री करायचं आहे.

तुझा,
श्री