मैत्रेयीचे नाव भिंतीवर लागले

कोलंबस, ओहायो
कोजागरीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघेही इकडे खुशाल आहोत. थंडी सुरू झाली असली तरी घर गरम असते आणि जाड कपडे पुरेसे आहेत, त्यामुळे आईने त्याची काळजी करू नये. मागच्या फोनवर आईने "शाळेत पोरीचं नाव बदललं काय?" असे विचारले आणि मी उत्तर देण्याआधीच बाबांनी पाढ्यांचा विषय काढला, म्हणून दोन्ही गोष्टी नीट लिहून कळवतो.

नाव बदललेले नाही. शाळेच्या दप्तरी, पासपोर्टवर आणि वर्गातल्या तिच्या बाकावरच्या पट्टीवर 'मैत्रेयी' असेच पूर्ण नाव आहे. काही मुलांनी तिला 'मे' म्हणायला सुरुवात केली, तीही त्याला ओ देऊ लागली, आणि नेमके तेच आईने व्हिडिओवर ऐकले. मे म्हटले की नागपूरकराला ४५ अंश आठवतात, तेव्हा आईला ते रुचले नाही यात नवल नाही. मलाही फारसे रुचले नव्हते. पण खेळताना पोरे एकमेकांना काय हाका मारतात त्यात बापाने पडू नये असे मला वाटते, आणि आपल्या गल्लीत तरी खऱ्या नावाने कोणाला हाक मारत होते?

आता इथली एक रीत सविस्तर सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. इथे शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मैत्रेयीच्या शाळेत पहिले काही आठवडे चित्रकलेच्या तासाला मुलांकडून स्वतःचे नाव आणि स्वतःचा चेहरा, एवढेच करून घेतात. आपल्याकडे चित्रकला म्हणजे स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएट. इथे दुसरीतल्या मुलाला विचारतात की तुझे नाव कोणी ठेवले, का ठेवले आणि तुला ते आवडते का. एवढ्याशा पोरांना हे कोणी विचारते काय, असे पहिल्यांदा मलाही वाटले. पालकसभेत बाईंनी कारण सांगितले ते मात्र पटले. कोलंबसमध्ये सोमाली कुटुंबे पुष्कळ आहेत, भूतानमधून आलेली नेपाळीभाषक कुटुंबेही आहेत, आणि हजेरी घेताना निम्म्या नावांवर बाईंची जीभ अडखळते. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक मूल उभे राहून आपले नाव सांगते, सगळा वर्ग ते म्हणतो, चुकले तर मूलच दुरुस्त करते. आमच्या बाई अजून 'त्रे'चा 'ट्रे' करतात, पण त्यांचा प्रयत्न प्रामाणिक आहे.

त्यानंतर नावाचा प्राणी. कागद मधोमध दुमडायचा, घडीला टेकवून जाड, फुगीर अक्षरांत आपले नाव लिहायचे, बाहेरच्या कडेने कापायचे, पण घडी कापायची नाही. कागद उघडला की नाव आणि त्याचे प्रतिबिंब जोडले जाऊन एखादा विचित्र किडा तयार होतो, मग त्याला डोळे काढायचे, रंग भरायचे. मैत्रेयीने बाईंना विचारून नाव देवनागरीत लिहिले. इंग्रजी अक्षरे घडीवर उभी करावी लागतात आणि ज्याचा पाय निमुळता ते अक्षर सुटून येते. हिने कागद फिरवून घडी वर घेतली आणि घडीचीच शिरोरेषा केली, त्यामुळे तिन्ही अक्षरे पक्की लटकली. अडचण आली ती मात्रांची, कारण मात्रा रेषेच्या वर आणि वर तर कागदच नाही! मग तिने त्या वेगळ्या कापून चिकटवल्या. 'मै'च्या दोन मात्रांच्या मिशा झाल्या, 'त्रे'ची मात्रा पाठीवरचा काटा झाली आणि 'यी'च्या वेलांटीची शेपटी. तो प्राणी आता शाळेच्या व्हरांड्यात लागला आहे. फोटो छापून पत्रासोबत ठेवला आहे; बाबा, हे सगळे तिने स्वतः केले आहे, मी हात लावलेला नाही.

चेहऱ्याचे थोडक्यात सांगतो. आपल्या कातडीचा रंग प्रत्येकाने स्वतः मिसळायचा आणि मनगटावर ठिपका लावून जुळतो का ते पाहायचे. मी लहानपणी तुम्हा दोघांना 'स्किन कलर' नावाच्या गुलाबी खडूने रंगवत असे आणि आपल्या घरात त्या रंगाचे कोणी नाही हे कोणाच्याच लक्षात येत नसे. इथल्या क्रेयोला कंपनीने आपल्या तशाच एका खडूचे 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केले आणि २०२० मध्ये कातडीच्या २४ छटांचा वेगळा डबा काढला. मैत्रेयीने तिच्या मिश्रणाला 'आत्याच्या चहाचा रंग' असे नाव दिले आहे. हे तिच्या आत्याला, आपल्या छोटीला, जरूर सांगा.

चित्राखाली प्रत्येकाने आपल्या नावाची हकिगत लिहायची होती. तिने लिहिले की माझे नाव आत्याने ठेवले, आधी माझ्या कानात सांगितले आणि मग सगळ्यांना. पूर्वीच्या मैत्रेयीने नवऱ्याला विचारले की पैशाने मी अमर होईन काय, तो नाही म्हणाला, म्हणून तिने पैसे घेतले नाहीत. बाबांनी सांगितलेली बृहदारण्यकातली गोष्ट तिच्या बरोबर ध्यानात राहिली आहे. लिहिता लिहिता तिने मला विचारले, "बारशाला तू कुठे होतास?" मी ऑफिसात होतो असे सांगितले. तिने ते लिहिले नाही.

तिचे मधले नाव वडिलांचे आहे याचे वर्गात सगळ्यांना आश्चर्य वाटले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचेही नाव येते हे कळल्यावर, लेकीच्या नावात माझे का नाही म्हणून तिची आई घरात दोन दिवस गंभीर होती. तान्ह्या पोळ्याच्या माझ्या लाकडी नंदीच्या पोटाखाली बाबांनी ऑइल पेंटने माझे नाव लिहिले होते, ते मैत्रेयीला पाहायचे आहे. नंदी माळ्यावर असेल तर फोटो पाठवा, पण त्यासाठी बाबांनी स्वतः शिडीवर चढू नये.

पाढ्यांबद्दल एवढेच, की बारापर्यंत मी रात्री घेतो आणि नाव रंगवल्याने गणित मागे पडलेले नाही.

आता पैशाचे. मैत्रेयीने नाकारले तरी पैशाशिवाय छोटीच्या लग्नाला मंगल कार्यालय मिळत नाही, म्हणून कालच बाबांच्या खात्यात तीन लाख पाठवले आहेत. एफडी मोडू नये. माझी ओढाताण होत नाही, हे आईने पुन्हा विचारू नये.

साक्षगंधाला मला येता येणार नाही. नोकरीची परवानगी वाढून मिळाली आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. एकदा आलो की परतण्यापूर्वी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते आणि तारीख मिळेपर्यंत अडकलो तर लग्नाच्या वेळी रजाच उरणार नाही. छोटी फोनवर "ठीक आहे दादा" म्हणाली, ते ठीक नव्हते हे मला कळते. लग्नाला आम्ही तिघेही नक्की येऊ.

शेवटचे, आणि हे बाबांनीच बोलावे. लग्नात छोटीचे नाव बदलावे असे पाहुण्यांकडे चालले आहे आणि तिच्या मनात ते नाही. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायची हौस असेल तर अवश्य लिहू द्या, पण जे आहे तेच लिहू द्या; कायद्याने तशी सक्ती नाही आणि तिची पदवी, पॅन, बँकेचे खाते सगळे याच नावावर आहे. मी इथून बोललो तर पोराला परदेशात जाऊन शिंगे फुटली असे म्हणतील. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी मला पाठवा. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली आपले नाव पूर्ण छापावे, 'मे' चालणार नाही, असे मैत्रेयीने मुद्दाम कळवायला सांगितले आहे.

आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
बंटी