माझगावचा धक्का उतारूंसाठीही आहे

संपादक महोदय,

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा कायापालट करण्याच्या योजना अधूनमधून वृत्तपत्रांतून वाचायला मिळतात. त्यांत माझगावचा उल्लेख येतो तो बहुधा बंदराला लागून असलेली जमीन म्हणून. या जमिनीच्या पाठीशी एक वस्ती आहे, आणि ती आजच्या गोद्यांहून कितीतरी जुनी आहे, याकडे आणि येथल्या भाऊच्या धक्क्यावर उतारूंना सोसाव्या लागणाऱ्या गैरसोयींकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी माझगाव हे एक. जंजिऱ्याच्या याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा येथील टेकडीवरचा इंग्रजांचा किल्ला त्याच्या हाती पडला आणि १६९० मध्ये माघारी जाताना त्याने तो उद्ध्वस्त केला. १८८०च्या दशकात त्याच टेकडीवर जलाशय झाला आणि त्यावर बाग. या बागेला ज्यांचे नाव आहे ते काका बाप्टिस्टा येथल्याच म्हातारपाखाडीचे. लोकमान्य टिळकांचे हे सहकारी १९२५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले आणि त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला देशातली पहिली विजेची गाडी माझगावातूनच जाणाऱ्या हार्बर मार्गावरून कुर्ल्यापर्यंत धावली. १६३२चे ग्लोरिया चर्च मात्र माझगावला राहिले नाही. १९१३ मध्ये ते भायखळ्याला नव्याने उभे राहिले.

बंदर वाढत गेले तसा समुद्र मात्र आम्हा रहिवाशांपासून भिंतींआड गेला. बागेतून तो दिसतो, गोद्यांतल्या क्रेनही दिसतात. पण पाण्यापर्यंत सामान्य माणसाला मोकळेपणाने जाता येईल अशी जागा उरली आहे ती एकच, भाऊचा धक्का. (लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ मध्ये बांधलेला मूळ धक्का हा नव्हे, त्याचे नाव तेवढे येथे आले. तरीही या धक्क्याला 'फेरी वार्फ' या त्याच्या इंग्रजी नावाने आमच्याकडे कोणी ओळखत नाही.) एके काळी कोकणच्या आणि गोव्याच्या बोटी येथूनच सुटत. १७ जुलै १९४७ रोजी बुडालेली आणि सहाशेहून अधिक जीव घेऊन गेलेली 'रामदास'ही येथूनच रेवसकडे निघाली होती. आज उरणजवळच्या मोऱ्याची लाँच येथून सुटते, मार्च २०२० पासून अलिबागजवळच्या मांडव्याची, मोटारीही नेणारी रो-रो बोट सुटते आणि पहाटे मासळीचा लिलाव होतो. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद राहतात, तेव्हा उरणकरांना आणि अलिबागकरांना या धक्क्याचाच आधार असतो.

इतक्या राबत्याच्या जागी उतारूंच्या वाट्याला काय येते, हे मी गेली कित्येक वर्षे पाहत आहे. डॉकयार्ड रोड स्थानकापासून धक्का पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, परंतु त्या वाटेवर पदपथ असा सलग मिळत नाही आणि जेथे आहे तेथे मालमोटारी उभ्या असतात. स्थानकाचे जिने उतरून, लहान मूल कडेवर आणि सामान हातात घेऊन निघालेल्या बाईला भर रस्त्यातून, मासळीच्या टेम्पोंना चुकवत चालावे लागते. पहाटे तीन-चारपासून बर्फ, माशांच्या पाट्या आणि गिऱ्हाइकांशी झुंजणाऱ्या कोळणींना स्वच्छ स्वच्छतागृहासाठी किती अडचण सोसावी लागते, हे त्यांच्यापैकी कोणालाही विचारावे. मोटार घेऊन रो-रोने जाणाऱ्याची सोय झाली याचा आनंदच आहे. पण काही रुपयांचे तिकीट काढून लाँचने जाणारा उतारू त्याहून जुना आहे.

संबंधित यंत्रणांकडे आम्ही रहिवाशांनी यापूर्वीही अर्ज दिले. रस्ता एकाचा, धक्का दुसऱ्याचा आणि दिवे तिसऱ्याचे, असे उत्तर तोंडी मिळाले. हे खरे असेलही, परंतु चालणाऱ्या माणसाला ही हद्द दिसत नाही.

किनाऱ्यावर विहारपथ आणि पर्यटकांसाठी दालने व्हायची तेव्हा होतील. तोपर्यंत स्थानक ते धक्का सलग पदपथ, लिलावाच्या वेळी सुरू असलेले स्त्रियांचे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि लाँचची वाट पाहणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर, एवढे काम १ जूनपासून दोन महिन्यांच्या मासेमारी बंदीत, धक्क्यावरची मासळीची वर्दळ कमी असताना, उरकता येईल. त्यासाठी निविदा आतापासून काढाव्या लागतील.

आपला विश्वासू,
एक माझगावकर