माशांच्या टाकीतली वाळू उपसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातली माशांची टाकी स्वच्छ कशी ठेवावी यावर लेख आला होता. फोटो सुरेख होता. पण ‘महिन्यातून एकदा मासे बादलीत काढा, तळाची वाळू उपसून गरम पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि ताजं पाणी भरून मासे परत सोडा’ हा त्यातला सल्ला वाचून राहवलं नाही. डोंबिवली ते मुलुंड या पट्ट्यात दवाखान्यांतल्या, हॉटेलांतल्या आणि काही घरांतल्या टाक्या मी सांभाळते. हाच माझा धंदा. (दार उघडणाऱ्याला अजूनही वाटतं, की साहेब मागून येताहेत आणि ही बाई बादली धरायला पुढे आली आहे.) त्यामुळे असं काही छापून आलं की आठवड्याभरात त्याचे फोन मलाच येतात.

या वेळी पहिला फोन एका दातांच्या दवाखान्यातून आला. तिथली टाकी तीन फुटी, तळाला पांढरी बारीक वाळू, आत एंजल आणि मॉली. स्वागतकक्षातल्या मुलीने लेख वाचला आणि सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी सगळं शब्दशः केलं. वाळू पिंपात घालून उकळत्या पाण्याने धुतली, गच्चीत पसरली, फिल्टरचा स्पंजही नळाखाली खळखळून पिळला. संध्याकाळी टाकी लखलखत होती. गुरुवारी मी पोहोचले तेव्हा पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं होतं आणि मासे वरच्या थरात तोंड उघडं ठेवून लोंबकळत होते. अमोनिया तपासायचे थेंब टाकले. रंग पिवळा राहिला तर काळजी नसते. इथे नळीत गडद हिरवा चढला. दोन एंजल गेले. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं, तिने वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. तळाला पडलेली विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. हा अमोनिया जरासा साठला तरी कल्ले भाजून निघतात. वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून राहिलेले जिवाणू तो निस्तरत असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य, पाणी थोडं थोडं बदलत राहिलं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वाळू उकळत्या पाण्यात घातली की ही जिवाणूंची वस्ती मरते, आणि स्पंज नळाखाली धरला की पालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन राहिलेली संपवतं. मग जुने, पोटभर खाणारे मासे एका कोऱ्या टाकीत जाऊन पडतात आणि त्यांचा अमोनिया उचलायला कोणीच नसतं.

मग वाळूवरची घाण काढायची कशी, असं लोक लगेच विचारतात. खरं तर खड्यांच्या टाकीपेक्षा वाळूची टाकी साफ करायला सोपी. रंगीत खड्यांत विष्ठा फटींतून खाली उतरते आणि तिथेच कुजत बसते. बारीक वाळूला फटी नसतात, त्यामुळे घाण वरच पडून राहते आणि डोळ्यांना दिसते. लोकांना वाळूची टाकी जास्त घाण वाटते ती यामुळेच. पांढऱ्या वाळूवर तर प्रत्येक काळी-करडी काडी उठून दिसते. ज्यांना ते बघवत नाही त्यांनी करड्या किंवा तपकिरी रंगाची वाळू घ्यावी, एवढंच मी सांगते.

माझं हत्यार हार्डवेअरच्या दुकानातला अर्ध्या इंचाचा पारदर्शक पाइप. त्याच्या एका टोकाला पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचा बूड कापून उरलेला वरचा भाग बसवते, गळ्याची बाजू पाइपात आणि रुंद तोंड खाली. आधी फिल्टर आणि हीटर दोन्ही बंद. हीटर चालू राहून पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. आणि वाळू उडत असताना पॉवर फिल्टर चालू राहिला तर कण पंख्यात जाऊन तो घासून खराब करतात. मग बाटलीचं तोंड वाळूवर टेकवायचं नाही, साधारण दोन बोटं वर अधांतरी धरायचं आणि हलकेच गोल फिरवायचं. वाळूचा कण पाण्याच्या अडीच पटींहून जड असतो, विष्ठेचा कण पाण्यापेक्षा जेमतेम जड. फिरवल्याने घाण तेवढी उचलली जाते आणि पाइपातून बादलीत जाते. वाळू उठलीच तर बाटलीच्या रुंद भागात पाण्याचा जोर कमी असतो, तिथून ती परत खाली बसते. अगदी वर चढायला लागली तर पाइप चिमटीत दाबायचा, ओढ थांबते. थोडी वाळू बादलीत आलीच तर तीही बादलीतल्याच पाण्यात हलवून परत टाकीत जाते.

पाइप तोंडाने ओढून पाणी सुरू करायची सवय मात्र सोडा. पाइप टाकीत बुडवून भरायचा, एका टोकावर अंगठा दाबून बाहेर काढायचा आणि बादलीत सोडायचा. टाकीच्या पाण्यात एक जिवाणू असू शकतो, तो हाताच्या कापल्या-चिरल्या जागेतून शिरला तर हट्टी गाठी उठतात. डॉक्टर त्याला ‘फिश टँक ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. हाताला जखम असेल त्या दिवशी हातमोजे घाला.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. फिल्टरचं तोंड किंवा हवेचे बुडबुडे सोडणारा दगड अशा बेताने ठेवायचा, की पाण्याचा प्रवाह मागच्या काचेकडून पुढे येऊन एका कोपऱ्यात मंदावेल. सगळी घाण आपोआप त्या कोपऱ्यात गोळा होते. मुलुंडच्या एका हॉटेलात असं केल्यापासून तिथल्या वेटरला संपूर्ण तळ झाडावा लागत नाही, तो कोपरा ओढून घेतला की काम झालं. ओंडके आणि दगड तळाशी टेकतात तिथे मात्र घाण अडते. महिन्यातून कधीतरी ते जरा उचलून खाली पाइप फिरवावा.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण 130 लिटर पाणी मावतं. आठवड्याला दोन बादल्या, म्हणजे पाव टाकी, काढली की भागतं. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळून घ्यायचा, नळाखाली नाही. उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते मानवतं. नवं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तरी बरंचसं क्लोरिन उडतं. पावसाळ्यात, नळ सोडल्यावर नाकाला वास जाणवतो त्या दिवसांत, दुकानातलं अँटिक्लोरीनही टाकावं. पाणीकपातीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी भरणाऱ्यांनी एकदम पाव टाकीही बदलू नये, थोडं थोडं घालावं. ते पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं आणि माशांना तो बदल सोसत नाही.

वाळूचा थर दीड-दोन इंचांहून जाड नको. जाड थरात खाली प्राणवायू पोहोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा हायड्रोजन सल्फाइड माशांना घातक. म्हणून दर वेळी तळाचा एक चतुर्थांश भाग बोटाने किंवा काडीने हलकेच हलवून घ्यावा. जुनी, वर्षानुवर्षं न हललेली काळी वाळू असेल तर एका दिवसात सगळी उकरू नका. थोडी थोडी, आणि उकराल तिथेच पाइप लावून. वाळूत शिरून राहणाऱ्या टोकदार शंखाच्या मलेशियन गोगलगायी हे काम फुकट करतात. त्या अचानक भरमसाट वाढल्या तर समजा, की टाकीत खाणं जास्त पडतंय. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाकावं. दवाखान्यांत तर येणारा प्रत्येक लहान पेशंट चिमूट टाकून जातो. एका ठिकाणी मी खाण्याचा डबा चक्क कुलपात ठेवायला लावला, त्या आठवड्यापासून तळ निम्मा स्वच्छ.

लेखात शेवटी लिहिलं होतं, ‘घाण खाण्यासाठी एक सकर मासा ठेवा.’ यावर तर मला भांडायचंच आहे. सकर शेवाळ खरवडतो, तळाचं उरलंसुरलं खातो. विष्ठा कोणताच मासा साफ करत नाही. उलट सकर स्वतःच टाकीतला सगळ्यात मोठा घाण करणारा. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो. मग मालक कंटाळतात आणि पुण्य समजून त्याला तलावात सोडून येतात. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या पाण्यात त्याला खाणारं फारसं कोणी नाही, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, परांना काटे. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन जाळी फाडतो, अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांतच आल्या आहेत. वाळूत तोंड खुपसून वावरणारे मासे हवेच असतील तर कॉरिडोरस किंवा कुली लोच ठेवा. हेही विष्ठा खात नाहीत, पण वाळू चाळत राहतात, त्यामुळे घाण वर येते आणि पाइपाने ओढता येते. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, तलावात नको.

समुद्रकिनाऱ्यावरून वाळू आणायचा सल्लाही होता, तो मुलांना फार आवडेल. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाण्यात विरघळत राहून पाणी जड करतो. मॉलीला चालतं, निऑन टेट्राला नाही. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर ती टाकीत घालू नका.

मे महिन्याच्या सुट्टीत बऱ्याच घरांत पहिली टाकी येते आणि पुरवणीचं ते पान कापून टाकीशेजारी चिकटवलेलं मी दोन घरांत पाहिलं आहे. म्हणून विनंती, की वाळू उपसण्याबद्दलची आणि सकरबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, तिथे कोणी बघत नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)