बायबल कालक्रमाने वाचायला देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम सलाम.

तुम्ही अभ्यासवर्गात हाताने लिहून दिलेला वाचनाचा तक्ता आता संपत आलाय. आभार तोंडी मानता आले असते, पण त्यामागचे कष्ट चारचौघांना कळावेत म्हणून हे उघड पत्र.

छापील बायबलच्या जुन्या करारात आधी नियमशास्त्र, मग इतिहास, काव्य आणि शेवटी संदेष्टे. तुम्ही संदेष्ट्यांना ज्याच्या त्याच्या राजाशेजारी नेऊन बसवलंत. त्यामुळे इस्राएलचा राजा दुसरा यराबाम गादीवर असतानाच आमोस संदेष्टा भेटला. एकीकडे राज्याची भरभराट, दुसरीकडे पायतणाच्या जोडासाठी विकला जाणारा गरीब. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास त्या राज्याची राजधानी शोमरोन पडली, तेव्हा ते अचानक घडल्यासारखं वाटलंच नाही.

सर्वांत जास्त ऋण यिर्मया संदेष्ट्याबद्दल. त्याचं पुस्तक आतूनच मागेपुढे झालेलं आहे: एकविसाव्या अध्यायात सिद्कीया राजा, छत्तिसाव्यात पुन्हा त्याच्या आधीचा यहोयाकीम. तुम्ही अध्याय सुटे करून लावलेत आणि माणूस समोर उभा राहिला. यहोयाकीमच्या हिवाळी महालात शेगडी पेटलेली, यिर्मयाच्या संदेशांच्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूने कापायचे आणि विस्तवात टाकायचे. मग यिर्मयाचा लेखनिक बारूख त्याच्या तोंडून ऐकून सगळं पुन्हा लिहायला बसतो, वर आणखी भरही पडते. काही वर्षांनी यरुशलेम शहराला वेढा पडलेला असताना, पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असलेला यिर्मया अनाथोथचं शेत सतरा शेकेल रुपं मोजून विकत घेतो आणि खरेदीखत मडक्यात ठेवायला सांगतो! हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायाला, म्हणजे यरुशलेम पडल्याच्या वर्णनाला, लागून वाचलं आणि पाठोपाठ विलापगीत आलं. त्या दिवशी पुढे वाचवलं नाही.

दाविदाच्या कथेत नाथान संदेष्टा त्याला त्याचं पाप दाखवून निघून गेल्याबरोबर पश्चात्तापाचं एक्कावन्नावं स्तोत्र ठेवलंत, तेही बरं केलंत. वंशावळ्यांना मात्र धीर लागला.

नव्या करारात पौलाची पत्रं प्रेषितांच्या कृत्यांमध्ये गुंफलेली होती. थेस्सलनीकातून त्याला रातोरात निघावं लागतं, मागे राहिलेल्या विश्वासूंच्या काळजीने तो आपला सोबती तीमथ्य याला पाठवतो, आणि करिंथात तीमथ्य चांगली बातमी घेऊन येतो. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र तिथलं, साधारण इ.स. ५० चं. त्यातला आनंद त्या बातमीचा आहे, हे इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं.

आणखी दोन गोष्टींसाठी मनापासून धन्यवाद. ईयोब, योएल आणि गलतीकरांस पत्र यांच्यापुढे तुम्ही ‘काळाबद्दल मतभेद’ असं स्वच्छ लिहिलंत. आणि चार शुभवर्तमानांची एकच सलग गोष्ट केली नाहीत. मंदिर शुद्ध करण्याची घटना योहान दुसऱ्याच अध्यायात सांगतो, बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात. प्रत्येकाला त्याच्या परीने सांगू द्यावं, हा तुमचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आता एक विनंती. तरुण संघातल्या मुलांना हा तक्ता हवा आहे. तुमची हरकत नसेल तर प्रती काढून देते, तुमच्या समासातल्या टिपांसकट.

तुमची कृतज्ञ,
अभ्यासवर्गातली एक वाचक