चोरबीटीचं काय ते एकदा ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

पेरणी तोंडावर आली की आमच्या अकोट भागात चोरबीटीची पाकिटं फिरायला लागतात, म्हणजे बीटीसारखी बोंडअळीला तोंड देणारी आणि वर तणनाशकही सहन करणारी, जनुक बदललेली एचटीबीटी कपाशी, सरकारची परवानगी नसलेली. मागच्या साली मी पण घेतलं, बिल नाही, लेबल नाही, निम्मं उगवलंच नाही आणि तक्रार कुठे करणार, घेतलं तेच बेकायदा. निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून माणूस हे करतो, हौसेने नाही.

जून 2019 मध्ये इथेच अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा कायद्यात 5 वर्षांपर्यंत जेल आणि 1 लाख दंड होता तरी लोक जमले. एवढी वर्षं झाली, निर्णय नाही. जालन्याच्या महिको बियाणे कंपनीचं बीटी वांगं तर जीईएसीने, म्हणजे जनुक बदललेली पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने, 2009 ला मान्य करूनसुद्धा फेब्रुवारी 2010 पासून अडकलंय, आणि बांगलादेशात 2014 पासून शेतकरी तेच लावतायत.

परवानगी द्याच असं माझं म्हणणं नाही बरं का. तणनाशक वाढेल ही भीती मला पण आहे, आणि गुलाबी बोंडअळीने 2017 ला बीटीची काय गत केली ते यवतमाळवाल्यांना विचारा. पण चाचण्यांचे रिपोर्ट मराठीत काढा, कृषी सहाय्यकाला गावात बसून समजावून सांगायला लावा, होय की नाही ते पेरणीआधी कळू द्या, आणि नाही म्हणालात तर आधी विकणाऱ्याला पकडा, पेरणाऱ्याला नाही.

– एक कापूस उत्पादक, ता. अकोट, जि. अकोला